अपयशाची पाठशाळा

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला की हिशेब आलाच. काल सायंकाळी याच मंडपात आपल्या धर्मग्रामाचा ७५ वर्षांचा वृत्तांत वाचण्यात आला. झावळ्यांच्या छपराखाली झालेली पहिली पवित्र मिस्सा, श्रमदानाने उभे राहिलेले हे देऊळ, शाळेच्या वाढत गेलेल्या खोल्या, या मातीतून निघून देवाच्या सेवेस गेलेली आपली मुले व मुली, हे सारे ऐकताना कोणाचे अंतःकरण कृतज्ञतेने भरून आले नसेल? आमचेही आले. तथापि त्या आनंदाच्या तळाशी एक खडा आम्हांस सारखा बोचत होता. त्या वृत्तांतात जे जे साधले ते सर्व होते; जे साधले नाही त्याचा एक शब्दही नव्हता. यात वृत्तांत लिहिणाऱ्या बंधूंचा दोष नाही. त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मसुदा तपासताना त्या आम्हीच गाळल्या.

त्या दोन ओळी होत्या रात्रीच्या अभ्यासिकेविषयीच्या. ती आम्ही उघडली आणि आठ महिन्यांत बंद पडली. उत्सवाच्या दिवशी अशा गोष्टी कशास सांगाव्यात, असे आम्हांस वाटले. पुढे त्या गाळलेल्या ओळींनी आमची झोप घेतली. आणि म्हणूनच आजच्या व्याख्यानास, यशाच्या या मंडपात उभे राहून, आम्ही अपयश हा विषय घेतला आहे.

याहून एक निकडीचे कारण आहे. ते सांगताना आम्ही कोणाचेही नाव घेणार नाही. ज्या कुटुंबाची ही गोष्ट आहे त्याच्या अनुमतीने ती सांगत आहोत. ज्यांस नाव ठाऊक असेल त्यांनी ते आपल्या ओठांआड ठेवावे, ही विनंती.

दहावीचा निकाल लागला की त्या पुढच्या रविवारी, मिस्सेनंतर, उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची यादी वेदीजवळून वाचण्याचा आपला जुना प्रघात आहे. नाव वाचले की मूल उठून पुढे येते, आम्ही त्याच्या हाती जपमाळ व लेखणी देतो, लोक टाळ्या वाजवितात. किती चांगला प्रघात, असे आम्हांस वर्षानुवर्षे वाटत आले. काही वर्षांमागे अशाच एका रविवारी आम्ही यादी वाचीत असता एक आई तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा मुलगा. त्याच्या वर्गातील प्रत्येकाचे नाव वाचले गेले, त्याचे नाही. म्हणजे जे नाव आम्ही उच्चारलेच नाही, तेच त्या दिवशी साऱ्या देवळास सर्वांत मोठ्याने ऐकू गेले. त्या सायंकाळी तो मुलगा घरी परतला नाही. दोन रात्री त्याचा पत्ता नव्हता. बाप गाडीगाडीत शोधीत होता. आई आमच्या दारी येऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी दूर गुजरातेतील एका स्थानकावरील चहावाल्याने दूरध्वनी केला. फलाटाच्या टोकाशी रुळांकडे पाहत बसलेले पोर त्याने पाहिले, हाताशी धरून आणले, काही न विचारता चहा-पाव खाऊ घातला आणि मग घरचा क्रमांक विचारून घेतला.

मुलगा परतला. देवाचे उपकार. परंतु बापाने आमच्यासमक्ष त्यास म्हटले, "तू आमचे नाक कापलेस!" आणि आम्ही त्या वेळी काय बोललो? आम्ही त्या मुलास अभ्यासाविषयी उपदेश केला. तो चहावाला आमच्याहून चांगला धर्मगुरू ठरला, हे कबूल केल्यावाचून आम्हांस पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

बंधुभगिनींनो, अपयश येते हे नवल नव्हे. आलेल्या अपयशाचे आपण काय करतो, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्ही एका संताच्या चरित्रात शोधणार आहोत. हे संत म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला. त्यांची तसबीर पाहिली की वाटते, हा पुरुष जन्मतःच विजयी असावा. वस्तुतः वयाच्या ३० व्या वर्षापासून जवळजवळ ५० व्या वर्षापर्यंत या पुरुषाने हाती घेतलेले एक एक काम मोडत गेले.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला येथील सरदार घराण्यात झाला. मान, शौर्य आणि दरबारी कीर्ती हेच त्यांचे दैवत होते. १५२१ च्या मे महिन्यात पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांचा हल्ला झाला असता तोफेच्या गोळ्याने त्यांचा एक पाय मोडला व दुसरा जखमी झाला. किल्ला पडला. मोडलेले हाड वाकडे जुळले. ते पुन्हा मोडून बसवावे लागले, आणि पाय चांगला दिसावा एवढ्याकरिता त्यांनी वर आलेले हाड कापवून घेतले. तरी लंगडणे जन्माचे राहिले. बिछान्यावर पडल्या पडल्या वाचावयास त्यांनी वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे एवढीच होती. त्या वाचनाने त्यांचे जीवन पालटले, हे आपण सर्व जाणता. परंतु पुष्कळांची समजूत अशी की येथून पुढे सारे सुरळीत झाले. तसे मुळीच झाले नाही.

बरे झाल्यावर ते मान्रेसा येथे राहिले. तेथे गतपापांच्या विचाराने त्यांच्या मनास असे ग्रासले की वारंवार प्रायश्चित्त घेऊनही शांती मिळेना. ज्या खोलीत ते प्रार्थना करीत तेथे एक मोठे भगदाड होते. त्यात स्वतःस झोकून द्यावे, असा मोह त्यांस पुनःपुन्हा होई. ही गोष्ट त्यांनी उतारवयात स्वतःच सांगून ठेविली आहे. शांती मिळावी म्हणून त्यांनी एका रविवारपासून अन्न सोडले. पुढच्या रविवारी हे त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूस कळले, तेव्हा त्याने प्रथम काय सांगितले? "उपवास सोड" असे सांगितले. इग्नेशियस जेवले. सारे क्लेश त्याच दिवशी संपले नाहीत; परंतु मार्ग तेथून फुटला. ज्याच्या पायांखालची भूमी सरकली आहे त्यास आधी जेवू घालावे, मग बोलावे, हे त्या धर्मगुरूस ठाऊक होते आणि आमच्या गोष्टीतील चहावाल्यासही ठाऊक होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो काळोखी विचार मनात येणे हे पाप नव्हते, दुबळेपणाही नव्हता. तो विचार एका महान संतासही आला. त्यांनी तो दुसऱ्या मनुष्यापुढे उघड केला, यात त्यांचे तारण होते. येथे बसलेल्या तरुणांपैकी कोणास असा विचार कधी शिवला असेल, तर त्याने आज रात्रीच तो कोणापाशी तरी बोलावा. आमचे दार उघडे आहे. कोणत्याही वेळी ठोठवावे.

१५२३ साली इग्नेशियस यरुशलेमास पोहोचले. आयुष्यभर तेथेच राहून जिवांची सेवा करावी, हा त्यांचा निश्चय. तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी सांगितले की, येथे राहू देता येत नाही. यात्रेकरूंना पकडून नेतात, मारतात. तुम्ही परत जावे. तीन आठवड्यांच्या आत त्यांस पवित्र भूमी सोडावी लागली. हे पहिले मोठे अपयश. परतीच्या वाटेवर ते विचार करू लागले, आता काय करावे? आणि त्यांच्या ध्यानी आले की, विद्येवाचून जिवांची सेवा घडणार नाही.

विद्या म्हणजे त्या काळी लॅटिन. १५२४ साली, ३३ वर्षांचा हा सरदारपुत्र बार्सेलोना येथे लहान मुलांच्या व्याकरणाच्या वर्गात जाऊन बसला. पाठ करावयास घेतले की मनात दिव्य विचारांचे लोट येत आणि पाठ तेथेच राही. दुसरा कोणी याला ईश्वरी कृपा म्हणून कौतुक करून घेता. इग्नेशियस यांनी परीक्षण केले: मिस्सेत व प्रार्थनेत हे विचार इतके येत नाहीत, अभ्यासाच्या वेळीच येतात, अर्थात ही कृपा नव्हे, हा अभ्यास चुकविण्याचा मोह आहे. ते आपल्या शिक्षकास देवळात घेऊन गेले आणि बार्सेलोनात खावयास भाकर व प्यावयास पाणी मिळेल तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. विद्यार्थिमित्रांनो, अभ्यासास बसताच हजार सुविचार का सुचतात, याचे उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच मिळून गेले आहे!

दोन वर्षांनी, १५२६ साली, ते अल्काला येथील विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांच्या हातून मोठी चूक घडली. तर्कशास्त्र, निसर्गशास्त्र आणि ईश्वरविद्या या सर्वांचा अभ्यास त्यांनी एकदमच आरंभिला; बरोबर लोकांस उपदेशही चालू होता. लोकांना संशय आला की हा अशिक्षित मनुष्य धर्म शिकवितो कसा? चौकशी झाली, ४२ दिवस कारागृहात काढावे लागले. शिकवणुकीत दोष सापडला नाही, परंतु पुरेसे अध्ययन होईपर्यंत गहन विषयांवर बोलू नये, असा निर्बंध आला. तेथून ते सालामांका येथे गेले. तेथेही २२ दिवस कारावास, तेथेही तोच प्रकार.

अपयशाने दुखावलेला मनुष्य दोनांपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो जगास दोष देतो, नाही तर स्वतःस निरुपयोगी ठरवितो. इग्नेशियस यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी विचारले, माझा पाया कोठे कच्चा राहिला? १५२८ च्या फेब्रुवारीत ते एकटेच, लंगडत, पॅरिसला पोहोचले. तेथील विद्यापीठात वरच्या वर्गात शिरावयाचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही. मागे घाईघाईने पुढे ढकलले गेल्यामुळे आपणांस मूळचेच येत नाही, हे जाणून ते पुन्हा पोरांच्या व्याकरणवर्गात जाऊन बसले. त्या समयी त्यांचे वय ३७ च्या घरात होते! बाराखडीपाशी परत जाण्याची ही नम्रता हे अपयशाच्या पाठशाळेतील पहिले बक्षीस होय. आणि ज्यास ते मिळाले त्याने अर्धा मार्ग चालून संपविला असे समजावे.

येथे आमच्या स्वतःच्या पाठशाळेविषयी दोन शब्द सांगू द्या. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका विषयात अनुत्तीर्ण झालो होतो. लाजेने आम्ही चार दिवस मित्रांपासून तोंड लपविले. आमच्या प्राध्यापकांनी बोलावून आमची उत्तरपत्रिका आमच्याच हाती दिली आणि तांबडी पेन्सिल देऊन म्हणाले, "तुमच्या चुका तुम्हीच शोधा." शोधल्या. चुका पुष्कळ दिसल्या, परंतु त्यांचे मूळ एकच निघाले: प्रश्न न समजता पाठ केलेले आम्ही लिहीत गेलो होतो. ज्या ढिगास आम्ही पर्वत समजत होतो तो एकाच खड्यावर उभा होता. त्या तांबड्या पेन्सिलीने आम्हांस पुढील ३० वर्षे उपयोगी पडणारे ज्ञान दिले.

परत पॅरिसकडे वळू. पॅरिसला येताच इग्नेशियस यांनी आपल्याजवळचे पैसे एका सहनिवासी स्पॅनिश विद्यार्थ्यापाशी ठेविले. त्याने ते सर्व उधळले. अन्नावाचून अभ्यास कसा होणार? ते धर्मशाळेत राहू लागले, भिक्षा मागू लागले. जाण्यायेण्यात व भिक्षेत दिवस जाई आणि पाठ चुकत. येथेही त्यांनी विचार करून मार्ग काढला: वर्षातून एकदा फ्लँडर्सला जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाची बेगमी आणावी, म्हणजे उरलेला काळ विद्येस मिळेल. आणि ज्याने पैसे उधळले तो पुढे रुआन नगरीत आजारी पडल्याचे कळताच इग्नेशियस अनवाणी, अन्नपाण्यावाचून, तिसऱ्या दिवशी त्याजपाशी जाऊन पोहोचले. अपयश देणाऱ्या मनुष्याविषयी मनात विष ठेविले तर त्या अपयशातून काहीच शिकता येत नाही, हा धडा त्यांनी असा पायी चालून गिरविला.

परंतु त्यांचे सर्वांत जिव्हारी लागणारे अपयश माणसांविषयी होते. स्पेनमध्ये त्यांनी काही सोबती जमविले होते. इग्नेशियस पॅरिसला गेल्यावर ते पांगले, आणि त्यांपैकी एक तर अमेरिकेकडे जाऊन धनवान होऊन परतला. पॅरिसमध्ये त्यांनी तीन विद्यार्थ्यांस ध्यानसाधना दिली. त्या तिघांनी उत्साहाच्या भरात सर्वस्व वाटून टाकले आणि भिक्षा मागत फिरू लागले. विद्यापीठात गदारोळ झाला. मित्रांनी शस्त्रे घेऊन त्यांस ओढून परत नेले. तोही मेळा मोडला. दोनदा मोडल्यावर इग्नेशियस यांनी काय केले? आपली घाई ओळखली. १५२९ साली त्यांच्या खोलीत पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण सहनिवासी लाभले. फेबर तर ताबडतोब सर्व सोडावयास सिद्ध होता. परंतु इग्नेशियस यांनी त्यास चार वर्षे वाट पाहावयास लावली आणि १५३४ साली त्यास पूर्ण ध्यानसाधना दिली. झेवियरचे मन तर फार काळ वळलेच नाही. या खेपेस मात्र कोणी पांगला नाही. १५३४ च्या १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, सात मित्रांनी मोंमार्त्र येथे नवस केले. पहिल्या दोन मोडलेल्या मेळ्यांवाचून हा तिसरा मेळा टिकला असता काय? आम्हांस तसे वाटत नाही.

आणि तरी अपयश संपले नव्हते! त्या सातांचा नवस यरुशलेमास जाण्याचा होता. त्यात एवढीच तरतूद की वर्षभरात जहाज न मिळाल्यास रोमला जाऊन पोपमहाशयांपुढे स्वतःस अर्पण करावे. १५३७ साली मंडळी व्हेनिसला जमली, आणि तुर्कांशी युद्धाचा प्रसंग आल्यामुळे त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. ज्या यरुशलेमाकरिता १४ वर्षे झुरले त्याचे दार दुसऱ्यांदा बंद झाले. मंडळी रोमला गेली. १५४० च्या २७ सप्टेंबरला येशूसंघास पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानाकरिता माणसे मागितली होती. नेमणूक बोबाडिला यांची होती. ते तापाने आजारी पडले, आणि त्यांच्या जागी फ्रान्सिस झेवियर निघाले. १५४२ च्या ६ मे रोजी ते गोव्यास उतरले. जहाज न सुटल्यामुळे आणि एका मित्रास ताप आल्यामुळे जे घडले त्याचा लाभ आपला देश आजवर घेत आहे. आपण ज्यास बंद दार म्हणतो ते देवाच्या घराचे दुसऱ्या अंगणातील दार असू शकते. परंतु हे कळावयास दाराशी रुसून न बसता चालत राहावे लागते.

आता प्रश्न असा की अपयशातून शिकावे, हे म्हणणे सोपे, शिकावे कसे? इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्याची रीत घालून दिली आहे. तिचे नाव सदसद्विवेकाचे परीक्षण. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. प्रथम, मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. दुसरी, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची याचना. तिसरी, दिवसाच्या एक एक तासाचा हिशेब. चौथी, क्षमायाचना. पाचवी, उद्याचा निश्चय. क्रम पाहा. हिशेब तिसरा आहे. आभार पहिले आहेत. जो आभारावाचून हिशेबास बसतो तो खचतो. जो आभार मानून थांबतो तो फसतो. एखादा विशिष्ट दोष काढावयाचा असेल तर प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा आखून, दोष घडेल तितके ठिपके त्यांवर द्यावेत आणि दिवसाशी दिवस ताडून पाहावा, असेही त्यांनी सांगितले. आपला वाणी रात्री दुकान मिटताना कीर्द लिहितो, तसेच हे. तोटा झाला म्हणून कोणी वाणी कीर्द फाडीत नाही. तोट्याच्या दिवशी तो ती अधिक लक्ष देऊन लिहितो.

त्याच ग्रंथात आणखी एक नियम आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याने व प्रत्येक पालकाने उशाशी ठेवावा. मन उदास व अंधारलेले असता पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये. निकालाच्या दिवशी शाळा सोडण्याचा, घर सोडण्याचा, नाते तोडण्याचा निर्णय घेऊ नये. काळोखात वाट बदलणारा खड्ड्यात पडतो. थांबावे, सोबत शोधावी, उजाडू द्यावे.

पवित्र शास्त्रात एकाच रात्री दोन प्रेषित पडले. यहूदाने प्रभूस विकले, पेत्राने त्यास नाकारले. पश्चात्ताप दोघांसही झाला. यहूदा आपले दुःख घेऊन ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्यास झिडकारून परत पाठविले, आणि तो एकटा पडला. पेत्र रडला, परंतु बंधूंच्या मेळ्यात राहिला. म्हणून पुनरुत्थित प्रभूची भेट झाली तेव्हा तो तेथे होता. पडलेला मनुष्य कोणाच्या दारी जातो यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. आमचा प्रश्न आपणां सर्वांस आहे: आपल्या धर्मग्रामातील पडलेले मूल कोणाच्या दारी जाईल? पहिले दार त्याच्या आईबापाचे असावे, दुसरे आमचे. त्या वर्षी ही दोन्ही दारे बंद होती आणि परमुलखातील चहावाल्याचे तेवढे उघडे होते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण केल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. तरुणपणी ते येशूसंघाच्या धर्मगुरूंसमवेत जपानात गेले, तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षकाचे काम करू लागले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा. ती पुरी झाली नाही. ज्या संघाची आम्ही आताच एवढी थोरवी सांगितली, त्याचेच दार आपल्या भूमिपुत्रास उघडले नाही. गोन्सालो व्यापारात शिरले, पुढे मनिलास गेले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना जपानात जावयाचे होते, तेव्हा दुभाषी कोण मिळाला? हेच नाकारलेले गोन्सालो. पहिल्या, फसलेल्या वाटेवर शिकलेली जपानी भाषा दुसऱ्या वाटेवर कामास आली. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथे ते आपल्या सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले, आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. देवाच्या घरी काही वाया जात नाही, अपयशात शिकलेली भाषाही नाही.

आता गाळलेल्या त्या दोन ओळींकडे परतू. आमची अभ्यासिका का बंद पडली? त्या वेळी आम्ही प्रवचनात पालकांस दोष दिला होता. तांबडी पेन्सिल स्वतःच्या हाती घेतल्यावर निराळेच दिसले. आम्ही ती सायंकाळी सातास उघडली. त्याच वेळी वाड्यांतील मुले उद्याच्या बाजाराच्या जुड्या बांधीत असतात. मुलींनी रात्री एकटे यावे कसे, याचा विचार आम्ही केला नाही. आरंभी अर्धा तास आम्ही स्वतःच बोलत असू, म्हणजे मुलांच्या अभ्यासातून तेवढा काळ आम्हीच काढून घेत होतो. आणि मुख्य म्हणजे, आम्ही कोणासही विचारले नव्हते. इग्नेशियस यांचे पहिले दोन मेळे घाईने मोडले. आमची अभ्यासिकाही घाईनेच मोडली.

यास्तव या अमृतमहोत्सवी वर्षात आम्ही तीन गोष्टी आपणांपुढे ठेवितो.

पहिली: निकालानंतर यादी वाचण्याचा प्रघात आम्ही बंद करीत आहोत. त्याऐवजी त्या रविवारी परीक्षेस बसलेल्या सर्व मुलामुलींस, उत्तीर्ण व अनुत्तीर्ण असा भेद न करता, वेदीजवळ बोलावून आशीर्वाद देण्यात येईल. जपमाळ व लेखणी सर्वांस मिळेल. लेखणीची गरज अनुत्तीर्ण मुलास अधिक आहे.

दुसरी: अभ्यासिका पुन्हा उघडावयाची आहे. ती केव्हा, कोठे आणि कशी, हे या खेपेस आम्ही ठरविणार नाही. प्रत्येक वाडीतून एक आई व एक बाप यांनी पुढील रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे यावे आणि आम्हांस सांगावे. निवृत्त शिक्षकबंधूंस आमची हात जोडून विनंती आहे की त्यांनी ज्ञानदानाकरिता आठवड्याची एक सायंकाळ राखून ठेवावी. आणि आम्ही तेथे प्रवचन करणार नाही, हे आमचे वचन.

तिसरी गोष्ट प्रत्येक घराकरिता आहे. निकालाच्या दिवशी, निकाल कसाही असो, मुलास प्रथम जेवू घाला. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा. तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून उत्तरपत्रिकेचा विचार करा. नाक कापले गेले असे ज्यास वाटते, त्याने एवढे ध्यानी घ्यावे की नाक एका परीक्षेने कापले जात नाही. परंतु मुलाचे काळीज एका शब्दाने कापले जाते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. यशाची गोड गोष्ट सांगून आम्ही शेवट करावा, अशी आपली अपेक्षा असेल. तशी गोष्ट आमच्याजवळ नाही. तो पुरवणी परीक्षेस बसला. इतर विषय सुटले, एक राहिला. त्या एका विषयास तो पुन्हा बसला आणि पुन्हा राहिला. आता पुन्हा बसणार आहे. दरम्यान तो एक हुन्नर शिकत आहे, आणि रात्री त्याचा बाप त्याच्या शेजारी बसतो. बापास त्या विषयातले काही कळत नाही. तो नुसता बसतो. त्या बापाने आम्हांस परवा सांगितले, "फादर, आता तो माझ्याशी बोलतो." बंधुभगिनींनो, आमच्या मते त्या घरात एक परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. तिचा निकाल कोणत्याही फलकावर लागणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरील कोळीबांधवांस हे निराळे सांगावयास नको. रात्रभर जाळे टाकून पहाटे रिकाम्या होडीने परतणे काय असते, ते त्यांस ठाऊक आहे. पेत्रासही ठाऊक होते. तो आपल्या सोबत्यांसह रिकामी जाळी धूत बसला असता प्रभू त्याच्याच होडीत येऊन बसला आणि खोल पाण्यात पुन्हा जाळे टाकावयास सांगितले. प्रभूने भरलेली होडी शोधली नाही, रिकामी निवडली. आणि पेत्राने, थकला असतानाही, जाळे धुऊन ठेविले होते, ही गोष्ट विसरू नका. रिकामे जाळे जो फेकून देतो त्यास प्रभू भेटला तरी टाकावयास काही उरत नाही. आपण आपली जाळी धुऊन, सांधून ठेवू. या ७५ वर्षांत जे साधले त्याबद्दल देवाचे आभार मानू. जे साधले नाही ते कीर्दीत प्रामाणिकपणे लिहू. आणि पुन्हा खोल पाण्यात जाऊ.

काल गाळलेल्या त्या दोन ओळी स्मरणिकेत छापल्या जाणाऱ्या वृत्तांतात परत घालण्यास आम्ही सांगितले आहे. शंभरावा महोत्सव साजरा करणारांस त्यांचा उपयोग होईल.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.